दाढेचा निंब

माझ्या तोंडात आता माझा स्वतःचा म्हणावा असा एकही दात उरलेला नाही. कवळी आहे. ती सकाळी पेल्यातून काढून बसवावी लागते आणि ती बसेपर्यंत नातवंडांना माझं बोलणं कळत नाही. गावाकडची जुनी माणसं भेटली की आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात. त्यांच्या मनात काय येतं ते मला पक्कं माहीत आहे. अख्ख्या गावाच्या दाढा ज्याने एका दिवसात मोकाट सोडल्या, त्याच्या तोंडाचं दुसरं काय होणार होतं, असं त्यांना वाटतं. मी त्यावर वाद घालत नाही. घातलाही असता, पण जोरात बोललं की कवळी सुटते.

आमचं गाव वडनेर भोलजीपासून दोन कोसांवर, सडकेला अगदी लागून. घराच्या मागे विहीर आणि विहिरीभोवती बाबांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात गवार. पहाटे मोट सुरू झाली की चाकाची कुरकुर ऐकू यायची, आणि ती ऐकू आली की माय चुलीपुढे बसलेली असणार हे मला डोळे न उघडता कळायचं. कुरकुर आणि भाकरी थापल्याचा थपथप आवाज, असे दोन आवाज एकमेकांशी बोलत असायचे. भाकर बहुतेक कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली, आणि सोबत वांग्याचं भरीत. आमच्याकडच्या भरिताला मळ्यातलं हिरवं वांगं लागतं, ते काडीकचऱ्याच्या जाळावर भाजावं लागतं आणि लाकडी ठोंब्याने ठेचावं लागतं. पुढे नागपूरला मी पुष्कळ ठिकाणी भरीत खाल्लं. त्याला मी नावं ठेवत नाही, पण भरीतही म्हणत नाही.

घर मातीचं, साधं. त्यातली एकच वस्तू दिमाखाची होती, ती म्हणजे माजघराचं दार. कुठल्याशा मोडलेल्या गढीतलं ते दार बाबांनी बैलगाडीत घालून आणलं होतं. जाड सागवानी फळ्या, आणि त्यांवर फुलासारख्या पितळी डोक्यांच्या खिळ्यांच्या रांगा. दार इतकं भारी की घरच त्याला टेकून उभं आहे असं वाटायचं. त्या रांगांतला खालच्या बाजूचा एक खिळा गायब होता. तिथे नुसतं भोक होतं. मी सुट्टीत आलो की त्या भोकात बोट घालायचो आणि आत्या ओरडायची. गंगूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली होती, आणि घरात बोलण्याचं सगळं काम तिने अंगावर घेतलं होतं. मायच्या वाट्याला त्यामुळे बोलायला फारसं उरतच नसे. मायला त्याचं वाईट वाटत असावं असं मला कधी दिसलं नाही.

आता माझ्याबद्दल. खामगावला मला शिकायला ठेवलं होतं आणि मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो होतो. एकदा झालो तेव्हा बाबा म्हणाले, गणित अवघड असतं. दुसऱ्यांदा झालो तेव्हा ते काहीच म्हणाले नाहीत, आणि मी ट्रंक घेऊन घरी आलो. लढाईचे दिवस होते. राकेल रेशनवर होतं, लोखंड कुठे मिळत नव्हतं, आणि सरकारला धान्य पिकवण्याची घाई झाली होती. त्या घाईत कुणीतरी बाबांना सांगितलं की अकोल्याच्या सरकारी शेतावर पोरांना सहा आठवड्यांत शिकवून देतात. बाबांची समजूत अशी की मी परत येऊन वांग्यातली शेंडेअळी मारीन. माझं नाव मात्र चुकून की जागा नव्हती म्हणून दुसऱ्याच वर्गात घातलं गेलं. त्या वर्गात सडकेकडेच्या, बागेतल्या आणि आवारातल्या मोठ्या झाडांच्या किडी आणि रोग शिकवत असत. सहा आठवडे मी साल खरवडायला, भोकात तार घालून अळी ओढायला आणि मोरचूद-चुन्याचं पाणी कालवायला शिकलो. येताना एक पातळ पुस्तक, एक खाकी हाफपँट आणि एक हॅट घेऊन आलो. पहिल्याच सकाळी बाबांनी मला मळ्यात नेऊन वांग्याचा कोमेजलेला शेंडा दाखवला. मी हॅट सारखी करून त्यांना सांगितलं की माझा विषय वृक्ष आहे, भाजीपाला नाही. बाबांनी शेंडा खुडला, अळी पायाखाली चिरडली आणि मोटेकडे निघून गेले.

मग मी गावातली झाडं तपासत सुटलो. शाळेच्या बदामाला मी बुरशी सांगितली, ती कावळ्यांची शिट निघाली. मारुतीच्या वडाला उधई, म्हणजे वाळवी, सांगितली, ती खरंच होती, पण तिथल्या पुजाऱ्याने मला वडाला हात लावू दिला नाही. लोक हसत, पण मला ते कौतुक वाटायचं. त्या वयात हसणं आणि कौतुक यांतला फरक मला कळत नव्हता, आणि हॅट घातल्यावर तर मुळीच नाही.

गावाच्या तोंडाशी, सडकेच्या कडेला, बाजार भरायचा त्या जागेवर एक प्रचंड कडुनिंब होता. त्याला सगळे दाढेचा निंब म्हणत. कुणाची दाढ दुखायला लागली की त्याने सोनाजीबुवाकडे जायचं. सोनाजीबुवा म्हणजे गावाचा दाढ उतरवणारा, शेळ्या राखणारा एक किडकिडीत म्हातारा. तो दुखणाऱ्या गालाला खिळा लावायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि तो खिळा निंबात ठोकायचा. दुखणं खिळ्याबरोबर झाडात जायचं. जोवर खिळा झाडात, तोवर दाढ गप्प. दाढेखेरीज इतरही गोष्टी तिथे खिळवल्या जात. दावं तोडून पळणारा बैल, घरी न टिकणारा नवरा, परमुलखाला गेलेलं माणूस. दोन-तीन पिढ्यांचे खिळे होते ते. छातीच्या उंचीपासून खाली बुंध्याची साल दिसतच नव्हती इतके. पोरं त्यांवर पाय ठेवून वर चढत.

दिवाळीपासून त्या निंबाचे सडकेकडचे शेंडे वाळत चालले होते. माघात एक दिवस त्याची मांडीएवढी वाळकी फांदी कडाडून एका कापसाच्या गाडीवर पडली. माणसं बैल पाजायला गेली होती म्हणून वाचली. दोन दिवसांनी सडकेचे ओव्हरसियर साहेब सायकलवर आले आणि त्यांनी बुंध्यावर चुन्याची फुली मारली. फुली म्हणजे झाड तोडायचं. सगळं गाव गोळा झालं, पण साहेबापुढे बोलायला कुणी तयार होईना. मी हॅट घालून पुढे झालो. मी त्यांना साल खरवडून आतल्या अळीचा भुसा दाखवला, उधईची माती दाखवली आणि पुस्तकातलं एक वाक्य त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं, की झाडाची जखम हे किडीचं दार असतं. मग बुंध्याकडे हात करून मी सांगितलं, की साहेब, या झाडाला शेकडो दारं आहेत, ती बंद केली की झाड जगेल. साहेबांना कंटाळा आला असावा किंवा मौज वाटली असावी. ते म्हणाले, पाडव्याला गावातल्या प्रत्येक निंबाला पालवी असते; याला असली तर ठेवू, नसली तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी करवत घेऊन माणसं येतील. एवढं बोलून ते सायकलवर बसून गेले. गावाचा पाडव्याचा पाला पिढ्यानपिढ्या त्याच झाडाचा असे, आणि आता ते झाड माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्या दिवशी जेवताना मी घरी हे सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच सांगितलं. आत्याने विचारलं, तुझ्याने नाही झालं तर. मी म्हटलं, शास्त्र आहे, होणारच. तेवढ्यात माय भाकर वाढता वाढता म्हणाली,

"सडकेची नाली खंदली तवा तिकडची मुळं तोडली त्याईनं. पानी कमी पडून राह्यलं त्याले."

मी तिला समजावलं की वृक्षाची मुळं फार खोल असतात, त्याला मेथीसारखं पाणी लागत नाही, आणि हा रोग कीटकजन्य आहे. 'कीटकजन्य' हा शब्द मी दोनदा म्हटला. माय हो म्हणाली आणि मला आणखी भरीत वाढलं. मी नोकरीत चाळीस वर्षं घालवली, त्यात मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की धडधाकट झाडाच्या वाटेला बहुतेक किडी जात नाहीत. मुळं तुटली, तहान लागली, की मग त्या येतात. हे मी पुढे कितीतरी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं. मायने ते मला भाकर वाढताना सांगितलं होतं, ही गोष्ट मी फळ्यावर कधी लिहिली नाही.

कामाला लागलो. घरातलं महिन्याचं राकेल मी कापसाच्या बोळ्यांना लावून अळीच्या भोकांत कोंबलं, त्यामुळे दिवेलागणीला आमच्या घरात करडीच्या तेलाची पणती आणि आत्याची बडबड एवढंच असे. वाळक्या फांद्या तिरप्या कापल्या. उधईची माती खरवडली. आणि मग दारं बंद करायला मी खिळे उपटायला घेतले. सगळे बाजाराला नांदुऱ्याला गेले होते तो दिवस मी निवडला, कारण मला कुणाची मदत नको होती. श्रेय वाटून घ्यायला मी तयार नव्हतो हे खरं कारण. गणपत लोहाराची पक्कड आणली आणि सकाळपासून सूर्य कलेपर्यंत मी खिळे ओढत राहिलो. काही वाकडे, काही गंजून काडीसारखे झालेले, काही नालाचे. पायली भरली आणि वर शीग आली. बुंध्यातून जागोजाग पाणी झिरपायला लागलं होतं, ते पाहून मला वाटलं, विष बाहेर पडतंय.

शेवटी शेवटी, खालच्या बाजूला, बाईमाणसाच्या कंबरेएवढ्या उंचीवर एक निराळा खिळा मिळाला. घासला तर पितळी फुलाचं डोकं. आमच्याच दारावरचा होता. आत्याने दाढेसाठी उपटून नेला असणार आणि मला भोकावरून इतकी वर्षं ओरडत असणार, असं समजून मला फार हसू आलं. बाकीचे खिळे मी गणपतला दिले. लोखंडाच्या टंचाईत पायलीभर लोखंड पाहून त्याला भरून आलं. त्याने त्यातून मला साल खरवडायचा एक आकडा करून दिला, बाबांना एक खुरपं करून दिलं आणि उरलेलं स्वतःला ठेवलं. पितळी खिळा मात्र मी घरी आणला आणि दाराच्या भोकात बसवून वरून दोन ठोके दिले. आत माय भाकरी थापत होती. ती थपथप थांबली. ती हात पुसत बाहेर आली, खिळ्याकडे बघितलं आणि कुठे मिळाला म्हणून विचारलं. मी निंबाला होता म्हणून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तव्यावरची भाकर करपली. आमच्या घरात मला आठवतं तशी ती एकच भाकर करपलेली.

त्याच संध्याकाळी आत्याची दाढ सुरू झाली. आधी मला वाटलं, तिला कुणीतरी खिळ्यांचं सांगितलं म्हणून. पण गाल खरंच टेंबराच्या फळासारखा सुजला होता आणि ती ताकात कालवलेल्या ज्वारीच्या कण्यांवर आली. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याहून परतलेल्यांतले आठ जण उपरण्याने गाल बांधून आमच्या अंगणात उभे होते. तिसऱ्या दिवशी अंगण पुरेना. एकाचा बैल दावं तोडून पळाला होता. एका बाईचा नवरा दोन दिवस घरी आला नव्हता, तो तसा दर महिन्यालाच जायचा, पण या वेळी तो माझ्या खात्यावर जमा झाला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आमचे खिळे परत दे. मी त्यांना गणपतकडे पाठवलं. गणपतने खुरपं करून बाबांना दिल्याचं सांगितलं. म्हणजे आता अर्ध्या गावाच्या दाढा आमच्या खुरप्यात आहेत, असा निष्कर्ष निघाला, आणि त्या खुरप्याने निंदलेली मेथी बाजारात कुणी हातात घेईना. बाबा पाटी तशीच परत घेऊन आले. त्यांनी पाटी माझ्यापुढे ठेवली आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडले.

"वांग्यातली अळी मारता येत नाई तुले, आन गावाचे खिळे उपटाले निंगाला. कोनं सांगतलं होतं बे?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. ते सांगायला नको होतं.

नवे खिळे ठोकायचे तर लोखंड नाही, आणि असतं तरी मी हात जोडले असते, कारण झाडाची अवस्था आता मलाही दिसत होती. काढलेल्या खिळ्यांच्या जागी उघड्या जखमा झाल्या होत्या आणि त्यांवर मुंग्या लागल्या होत्या. त्यातच फाल्गुन आला आणि सगळी पानं गळायला लागली. फाल्गुनात निंबाची पानं गळतातच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण मी पुस्तकात शोधत बसलो की हा कुठला रोग. पुस्तकात ते नव्हतं. मी दुपारी झाडाखाली बसून पडणारी पानं मोजायचो आणि पाडव्याला किती दिवस उरले ते मोजायचो. खरं सांगतो, मला झाडाचं दुःख तेव्हा पहिल्यांदा झालं. त्याआधी मला फक्त माझ्या नावाची काळजी होती. मी येण्याआधी ते झाड आजारी होतं, आणि आता माझ्या हाताने मरत होतं. एकदा मी बुंध्याला हात लावला आणि रडलो. एक शेळी समोर उभी राहून ते सगळं बघत होती.

शेळी सोनाजीबुवाची होती. त्या शेळीने त्याला जाऊन काही सांगितलं असेल असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस होता आणि सोनाजीबुवा निंबाखाली येऊन बसला. तोवर तो या प्रकरणात पडला नव्हता. त्याचा धंदा मीच बुडवला म्हणून रागावला असेल, असं आम्ही समजत होतो. गाल बांधलेली सगळी माणसं त्याच्याभोवती जमली. मी पाठीमागे एका गाडीआड उभा होतो. बुवाने बुंध्याची बारीक पाहणी केली, भोकांना बोट लावून वास घेतला, आणि मग सांगायला लागला.

"खिळा गेला, पन भोक हाये न बापा. दुखनं भोकातच हाये अजून. ज्यानं त्यानं आपलं भोक वयखून शेन-माती-राखीनं बुजवा. आन रोज सकाळी नालीकडच्या अंगाले एक एक गुंड पानी घाला. पाडव्यापावतर झाड हिरवं झालं त दाढ गेली समजा. झाड तुटलं, त मंग मले इचारू नका."

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. भोकं बुजवा म्हणून मी आठ दिवस लोकांच्या पाया पडलो होतो, तेव्हा एक माणूस आला नव्हता. आता प्रत्येक जण आपलं भोक शोधत होता. दोघांची एकाच भोकावरून हाणामारी झाली, शेवटी दोघांनी मिळून ते बुजवलं. आणि सकाळी पाण्याची रांग. बाया विहिरीवरून परतताना डोक्यावरचं गुंड, म्हणजे पाण्याची घागर, आधी निंबाला ओतत, मग दुसऱ्या खेपेला घरचं पाणी भरत. ज्यांच्या दाढा दुखत नव्हत्या तेही पुढचं बघून पाणी घालत. मायही रोज जायची, आत्याच्या वाटचं पाणी म्हणून. सडकेची नाली भरून वाहायला लागली. मी हॅट घालून तिथे उभा राहायचो आणि माझ्या उपचाराचा गुण येतोय असं स्वतःलाच सांगायचो.

पाडव्याच्या चार दिवस आधी वरच्या शेंड्याला तांबूस कोंब दिसले. सडकेकडच्या फांद्या वठल्या त्या वठल्याच, पण बाकीचं झाड पाडव्याला असं काही फुटलं होतं की आत्याने गाल बांधलेला फडका सोडला आणि सगळ्यांच्या आधी पाल्याची डहाळी आणली. त्या वर्षीचा कडू पाला चावताना गावात कुणाचीही दाढ दुखली नाही. निदान कुणी तसं कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब करवतवाल्यांना घेऊन आले. सत्तर-ऐंशी माणसं निंबाला वेढा घालून गुंडं घेऊन उभी होती. साहेबांनी वर पाहिलं, खाली ओल्या मातीकडे पाहिलं, फुली पुसायला सांगितली आणि माझी पाठ थोपटली. त्यांनीच वर लिहिलं आणि आषाढात मला नागपूरला सरकारी बागेत नोकरी लागली. वऱ्हाड-मध्यप्रांत सरकारचा शिक्का असलेला कागद बाबांनी दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला. मी निघालो तेव्हा माय त्या पितळी खिळ्यांच्या दारात उभी होती. तिने भरीत-भाकर बांधून दिली होती आणि ती नांदुरा स्टेशन यायच्या आत मी संपवली.

वीस-पंचवीस वर्षं ही हकिगत मी माझ्या शास्त्राचा विजय म्हणून सांगितली. खिळे काढण्याचा भाग मात्र जरा लवकर उरकायचो, कारण खोडात मुरलेला जुना खिळा काढायचा नसतो हे तोवर मी शिकलो होतो. झाड त्याच्याभोवती वाढून त्याला पोटात घेतं. उपटला तर जखम होते. मग एकदा, सोनाजीबुवा गेल्याचं कळलं तेव्हा मी गावी गेलो होतो. माय थकली होती. तिला निंबापर्यंत जायचं होतं म्हणून तिचा हात धरून घेऊन गेलो. तिथे बसल्यावर मी बुवाची आठवण काढली आणि म्हटलं, त्या माणसाला पाणी घालायचं नेमकं कसं सुचलं कोण जाणे. माय म्हणाली, तिनेच भरिताची ताटली नेऊन त्याला तसं सांगायला लावलं होतं. शेळ्या राखताना त्याने मला झाडापाशी रडताना पाहिलं, आणि ते त्याने तिला येऊन सांगितलं होतं. मग तिने वाकून बुंध्याच्या खालच्या बाजूला, सालीत बुजलेल्या एका खळग्यावर हात ठेवला.

"हे माह्यं होय. तू खामगावले शिकाले गेला तवा ठोकला होता म्या. पोट्टा फिरून घरी यावा म्हून."

मी हसलो. म्हटलं, म्हणजे दोनदा मॅट्रिक नापास झालो ते तुझ्यामुळे. तीही हसली, आणि खिळा एवढ्या जोरात लागेल हे तिला ठाऊक नव्हतं म्हणाली. मग मी विचारलं, "मंग पुन्हा काऊन नाई ठोकला? खिळा त दारालेच होता."

तिने खळग्यावरची धूळ बोटाने पुसली.

"तूच काहाडला न आपल्या हातानं," ती म्हणाली. "म्हटलं, जाऊ दे. पोट्ट्याले जायाचं हाये."

महिनाभर ती रोज गुंड घेऊन जायची, ते आत्याच्या दाढेसाठी असं आम्ही सगळे समजत होतो. मी गेल्यावर पुन्हा कधी गावात राहायला आलो नाही. सुट्टीत यायचो, दोन दिवस राहायचो, तिसऱ्या दिवशी मला बागेची आठवण व्हायची. ती मला थांब म्हणाली नाही. एकदाही नाही. म्हटलं असतं तर मी थांबलो असतो का, हे मला आज या वयातही खात्रीने सांगता येत नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

माय गेली, मळा गेला, दार कुणीतरी विकत नेलं. त्याआधी मी तो पितळी खिळा पकडीने काढून घेतला. माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या पाडव्याला मुलाने मोटारीतून गावी नेलं तेव्हा तो मी खिशात घेऊन गेलो होतो, आणि सोबत एक छोटी हातोडीही. निंब अजून उभा आहे. त्या खळग्यावर आता पूर्ण साल चढली आहे, तो कुठे होता ते मला बोटांनी चाचपून काढावं लागलं. खिळा टेकवून पाहिला. पण चाळीस वर्षं ज्याने लोकांना झाडात खिळा मारू नका म्हणून सांगितलं, त्याचा हात उचलेना. समोरच्या हॉटेलातून एक बादली मागून घेतली आणि नालीकडच्या बाजूला ओतली. बाकावर बसलेला एक म्हातारा माझ्या बसलेल्या गालांकडे बघत होता. त्याने मला ओळखलं असावं. एवढ्या उशिरा पाणी घालून काय फायदा, दात तर सगळे गेले, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं, आणि आणखी एक बादली मागितली.